क्लब विकणे आहे

(दादर येथील व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी "फुटबॉल क्लबची विक्री" असं म्हटलं. जरा वेळाने पलीकडून विचारणा झाली, "क्रिकेट चालणार नाही का?" नाही चालणार. आयपीएलचा संघ विकायला निघाला की घेणारे दारात उभे असतात, त्यात बोलण्यासारखं फारसं काही नाही. मला बोलायचंय ते अशा मालकांबद्दल, ज्यांना क्लब विकायचाय, गावालाही ते कधी एकदा जातात असं झालंय, आणि तरी सौदा काही होत नाही. माझं पोट कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे कागद तपासण्यावर चालतं. विकणारा राजी, भोवतालचे सगळे राजी आणि व्यवहार मात्र अडलेला, असं दिसलं की आमच्या धंद्यातल्या माणसाचे कान टवकारतात.

रेडिंगचं प्रकरण घेऊ. लंडनच्या पश्चिमेचं हे गाव, क्लब १८७१ सालचा. २००५-०६ च्या हंगामात त्यांनी दुसऱ्या श्रेणीत १०६ गुण मिळवले आणि पहिल्यांदाच प्रीमियर लीग, म्हणजे सर्वोच्च श्रेणी गाठली. पुढे चढउतार झाले, मालक बदलले. मे २०१७ मध्ये दाई योंगगे या चिनी उद्योजकाने आणि त्यांच्या बहिणीने क्लबचा मोठा हिस्सा विकत घेतला. दाईंचा मूळ धंदा मजेशीर आहे. चीनमधल्या शहरांखाली हवाई हल्ल्यांपासून बचावासाठी खोदलेली तळघरं असतात, त्यांत बाजार थाटून गाळे भाड्याने द्यायचे. तर मालकी हातात आली आणि दोन आठवड्यांत संघ वेम्बलीवर प्लेऑफच्या अंतिम सामन्यात उतरला. जिंकला की थेट प्रीमियर लीग. हडर्सफील्डशी गोलशून्य बरोबरी, मग पेनल्टी, आणि पेनल्टीवर हार. त्या पेनल्टी जिंकल्या असत्या तर आज मी तुमच्यासमोर दुसरा कुठला तरी क्लब घेऊन आलो असतो.

कारण इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीचं गणितच जुगाराचं आहे. वर प्रीमियर लीगमध्ये टीव्हीचा पैसा इतका, की खालचे मालक चढण्यासाठी वाटेल तेवढे पगार मोजतात. रेडिंगचं पगारबिल काही वर्षं एकूण उत्पन्नाच्या दुपटीच्या घरात होतं. शंभर रुपये गल्ल्यात आणि दोनशे पगारात. फरक मालक खिशातून भरतो, आणि भरतोय तोवर कुणी तक्रार करत नाही. चाहतेही करत नाहीत, हे त्यांच्या तोंडावर सांगायला हवं. महागडा खेळाडू आला की विमानतळावर हार घेऊन जाणारे हेच.

मग दाईंचा हात आखडला. तोट्याच्या मर्यादेचा नियम मोडला म्हणून नोव्हेंबर २०२१ मध्ये सहा गुण कापले गेले. एप्रिल २०२३ मध्ये आणखी सहा, आणि त्या फटक्याने क्लब तिसऱ्या श्रेणीत घसरला. त्यानंतर पगार उशिरा, कर उशिरा, पुन्हा कात्री. दाईंच्या काळात एकूण १८ गुण गेले. इथे एक विचित्र गोष्ट बघा. पगार थकवला मालकाने, गुण गेले संघाचे. शिक्षा झाली की संघ खाली जातो, खाली गेला की उत्पन्न घटतं, उत्पन्न घटलं की क्लबची किंमत पडते आणि विकणं आणखी अवघड होतं. ज्या मालकाने निघावं म्हणून हा सगळा आटापिटा, त्याच्याच पायात बेडी पडते.

दाईंनी विकायला काढलं आणि गिऱ्हाइकंही आली. व्यवहार का अडला? पहिली गोष्ट, विकायला एक वस्तू नव्हती, तीन होत्या. क्लब वेगळा. स्टेडियम दाईंच्याच दुसऱ्या कंपनीच्या नावावर. आणि बेअरवुडचं सरावाचं मैदान तिसरीकडे. पैशाची गरज पडली की मालक मैदान क्लबच्या नावावरून काढून आपल्या दुसऱ्या कंपनीत फिरवतात, हे इंग्लंडमध्ये सर्रास झालंय. कागदावर नफा दिसतो, वर्ष निभावतं. विकताना मात्र घेणारा विचारतो, बाबा रे, सामने कुठे खेळू? दुसरी गोष्ट किमतीची. विकणारा हिशेब करतो मागचा: इतके ओतले, निदान तेवढे तरी परत मिळावेत. घेणारा हिशेब करतो पुढचा: पहिल्या दिवसापासून दरमहा मला किती ओतावे लागणार? एकाची बेरीज, दुसऱ्याची वजाबाकी. मधे महिने जातात आणि दर महिन्याला पगाराची तारीख येते.

तिसरी गोष्ट समजायला मुंबईकरांना फार कष्ट पडू नयेत. पागडीची चाळ आठवा. मालमत्ता पत्रकावर नाव मालकाचं, पण चाळीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना तो हलवू शकत नाही. डागडुजी करत नाही म्हणून भाडेकरू त्याच्या नावाने खडे फोडतात. तो म्हणतो, मला विकू द्या. विकत घेणाऱ्याला चाळ माणसांसकट घ्यावी लागते, म्हणून रिकाम्या जमिनीचा भाव कुणी देत नाही. क्लबचं तसंच. शेअर दाईंचे, पण शनिवारी दुपारी बापाच्या खुर्चीशेजारी बसणारा जो मुलगा आहे त्याचा हक्क कुठल्याच करारात लिहिलेला नाही, आणि तरी घेणाऱ्याला तो हिशेबात धरावाच लागतो. फरक एवढाच, की चाळीतल्या भाडेकरूला निदान कायदा आहे.

मग रेडिंगच्या चाहत्यांनी केलं काय? 'सेल बिफोर वुई दाई' या नावाची मोहीम काढली. मालकाच्या नावावर कोटी केलेली: 'दाई' आणि 'डाय', म्हणजे आम्ही मरण्याआधी विका. इंग्रजांची विनोदबुद्धी दिवाळं निघालं तरी शाबूत राहते. तोवर सोळा गुण कापले गेले होते म्हणून सामन्याच्या सोळाव्या मिनिटाला मैदानात टेनिसचे चेंडू फेकायचे. १३ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट व्हेलविरुद्धच्या सामन्यात सोळाव्या मिनिटाला लोकच मैदानात उतरले आणि बसले. सामना रद्द झाला.

आता माझं मत. असल्या आंदोलनाने मालक विकायला तयार होतो, ही समजूत चुकीची आहे. दाई आधीच तयार होते. चेंडू फेकून गिऱ्हाईक मिळत नाही, उलट टीव्हीवर ते दृश्य बघून एखादा दचकतही असेल. पण चाहत्यांना एक गोष्ट जमते, आणि ती साधी नाही. चुकीचा सौदा ते मोडू शकतात. मार्च २०२४ मध्ये दाईंनी बेअरवुडचं मैदान शेजारच्या वायकोम्ब क्लबला विकायचा घाट घातला. म्हणजे चाळ उभी ठेवून पाण्याची टाकी विकण्यातला प्रकार. रेडिंगमध्ये असा गदारोळ झाला की वायकोम्बने माघार घेतली. ते मैदान गेलं असतं तर पुढे जो कुणी क्लब घेणार त्याला आणखी एक भोक बुजवावं लागलं असतं.

आणि गंमत ऐका. वायकोम्बचे तेव्हाचे मालक होते रॉब कुहिग, न्यू ऑर्लिन्सचे वकील. काही महिन्यांत त्यांनी वायकोम्ब विकला आणि थेट रेडिंगच विकत घ्यायला आले. सप्टेंबर २०२४ मध्ये तो व्यवहार फिसकटला. मग दुसरे इच्छुक, पुन्हा बोलणी, पुन्हा तारखा. मधल्या काळात महिलांचा संघ खर्च झेपत नाही म्हणून पाचव्या श्रेणीत नेऊन ठेवला होता. त्याबद्दल फारसं कुणी चेंडू फेकले नाहीत, हेही नोंदवून ठेवतो. शेवटी २०२५ च्या सुरुवातीला खालच्या श्रेणी चालवणाऱ्या लीगने दाईंना मालक म्हणून अपात्र ठरवलं आणि विकण्याची मुदत घालून दिली. मुदत टळली, वाढवली गेली, आणि मे २०२५ मध्ये कुहिग यांच्याकडेच क्लब गेला, स्टेडियम आणि मैदानासह. म्हणजे कोंडी फोडली ती लीगच्या नियमाने. पण नियम लावायची वेळ येईपर्यंत विकण्याजोगं काही शिल्लक राहिलं, ते लोकांमुळे.

रेडिंगला हा धडा जुनाच आहे म्हणा. १९८३ मध्ये रॉबर्ट मॅक्सवेल, म्हणजे वर्तमानपत्रांचा तो बडा मालक, ऑक्सफर्ड आणि रेडिंग हे दोन क्लब एकत्र करून 'टेम्स व्हॅली रॉयल्स' नावाचा नवा संघ काढायला निघाला होता. दोन गावं, एकमेकांचं तोंड न बघणारी, आणि साहेब म्हणतात एकच झेंडा. दोन्हीकडचे लोक उसळले, ऑक्सफर्डचे मैदानात बसले. रॉजर स्मी नावाचा रेडिंगचा माजी खेळाडू पैसे उभे करून पुढे आला, त्याने क्लब ताब्यात घेतला आणि ते विलीनीकरण बारगळलं.

न्यूकॅसलचं उदाहरण मात्र मला अस्वस्थ करतं. माइक अ‍ॅशली हे खेळाच्या सामानाच्या दुकानांचे मालक. २००७ मध्ये त्यांनी सुमारे १३ कोटी ४० लाख पौंडांना क्लब घेतला, वर देणी फेडायला बिनव्याजी कर्ज दिलं. २००८ मध्ये केव्हिन कीगन प्रशिक्षकपद सोडून गेले, लोक खवळले, आणि काही दिवसांतच अ‍ॅशलींनी क्लब विकायला काढला. डिसेंबरात परत घेतला. २००९ मध्ये पुन्हा काढला, पुन्हा मागे. सेंट जेम्सेस पार्क या शतकभर जुन्या मैदानाच्या नावाला आपल्या दुकानाचं नाव चिकटवलं. २०१७ मध्ये तिसऱ्यांदा विक्रीची पाटी. २०२० मध्ये सौदी अरेबियाचा सरकारी गुंतवणूक निधी आला, टीव्ही प्रक्षेपणाच्या चोरीच्या वादात ते अडकलं, आणि अखेर ७ ऑक्टोबर २०२१ रोजी ३० कोटी ५० लाख पौंडांना सौदा झाला. म्हणजे चौदा वर्षं शिव्या खाऊन माणूस खिशाला खार न लावता बाहेर पडला. बाहेर रस्त्यावर हजारो लोक नाचत होते, काहींनी डोक्याला पंचे गुंडाळलेले. सौदी पत्रकार खशोगी यांच्या हत्येला तीनच वर्षं झाली होती. ॲम्नेस्टीने आक्षेप घेतला, तो त्या गर्दीत कुणाच्या कानी गेला नाही. २०२५ मध्ये संघाने लीग कप जिंकला, १९५५ नंतरचा पहिला देशांतर्गत करंडक. लोकांना विचाराल तर ते म्हणतील, सौदा झकास झाला. चौदा वर्षं छळलेला माणूस पुढच्या मालकाचे कागद तपासत नाही, एवढंच मी म्हणेन.

आता जरा जवळ येऊ. पुण्याला. ब्लॅकबर्न रोव्हर्स हा १८८८ च्या मूळ फुटबॉल लीगमधला संस्थापक क्लब, १९९५ चा प्रीमियर लीग विजेता. नोव्हेंबर २०१० मध्ये तो पुण्याच्या, कोंबड्यांच्या धंद्यातल्या वेंकीज समूहाने २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला. महिन्याभरात प्रशिक्षक सॅम अ‍ॅलरडाइस यांना घरी पाठवलं. मे २०१२ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून बाहेर गेला, त्या सामन्यात कुणीतरी मैदानात जिवंत कोंबडी सोडली. आपल्याकडच्या बातम्यांनी त्या कोंबडीवर भरपूर हसून घेतलं. त्यानंतर समूहाने वर्षानुवर्षं तिथे पैसा घातला, हे कुणी सांगत नाही. २०१७ मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत जाऊन वर्षभरात परत वर आला. भारतातल्या चौकशीमुळे इंग्लंडला पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यायची पाळी आली. तिथले चाहते "विका" म्हणतात. पण दरवर्षी तोटा भरून काढणाऱ्या मालकाची जागा घ्यायला कोण येणार, हा प्रश्न ब्लॅकबर्नच्या माणसालाही पडत असणार.

आणि मुंबई? इथे क्लब विकले जात नाहीत, बंद होतात. महिंद्र युनायटेड १९६२ पासूनचा, २००५-०६ चा राष्ट्रीय लीग विजेता. २०१० मध्ये कंपनीने ठरवलं आणि संघ संपला. कूपरेजवर एक टेनिसचा चेंडू पडला नाही. गिरण्यांचे, रेल्वेचे, बँकांचे संघ असेच गेले. ते मालकाचे होते आणि खेळाडू पगारावर होते. कामगार सामना बघायला येत, पण संघ आपला आहे असं कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. कोलकात्यात हे चाललं नसतं. मोहन बागानच्या नावाआधी एटीके, म्हणजे दुसऱ्या एका क्लबचं नाव, जोडलं गेलं तेव्हा लोक तीन वर्षं भांडले, आणि मार्च २०२३ मध्ये विजेतेपद मिळवल्यावर मालकांनी स्वतः नाव काढल्याचं जाहीर केलं.

मुंबई सिटी या क्लबचं उदाहरण ताजं आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीवाल्या समूहाने त्यात ६५ टक्के हिस्सा घेतला. दोनदा चषक, दोनदा साखळीत अव्वल म्हणून शील्ड, अंधेरीत आकाशी निळ्याचा चांगला जमाव जमू लागला. मग इंडियन सुपर लीगच्या व्यावसायिक हक्कांचा पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत आला, आणि नव्या निविदेला एकही बोली आली नाही. त्याच डिसेंबरात त्या समूहाने हिस्सा सोडला आणि क्लब मूळ मालकांकडे परतला.

इंग्लंडमध्ये २०२५ मध्ये कायदा झाला. स्वतंत्र नियामक आला, त्याच्या मंजुरीशिवाय क्लबला आपलं मैदान विकता येणार नाही. आपल्याकडे तो कायदा आणून उपयोग नाही, कारण अंधेरीचं मैदान क्लबचं नाहीच, ते महापालिकेच्या क्रीडा संकुलातलं. सरावाला जागा भाड्याची, लीगचा पत्ता दर वर्षी नवा. उद्या कुणी मुंबई सिटी विकायला काढली आणि कागद माझ्या टेबलावर आले, तर फाइलमध्ये एक नाव, एक बोधचिन्ह, काही खेळाडूंचे करार आणि उत्तरेकडच्या स्टँडमध्ये ढोल घेऊन उभी राहणारी दोन-चारशे पोरं, एवढंच निघेल. त्यातल्या शेवटच्या रकान्यात कुठला आकडा लिहायचा ते मात्र आमच्या परीक्षेत शिकवलेलं नाही. मागून चिठ्ठी आलीय, वेळ संपली म्हणून. प्रश्न असतील तर घेऊ.