खटका वर राहत नाही

[दृश्य: भिंतीतला डीबी, म्हणजे घरातल्या लाइनींच्या खटक्यांची पेटी. दार उघडं. ओळीत सात खटके, त्यातला एक खाली.]

पावसाळ्यात हे हमखास होतं. घराचा अर्धा भाग अंधारात, डीबीतला एक खटका पडलेला. वर करावा तर टक्कन पुन्हा खाली. मग कोणीतरी तो अंगठ्याने दाबून धरतं. त्याचा उपयोग नाही. दांडी वर दाबून धरली तरी आतले संपर्क सुटतील अशीच एमसीबीची, म्हणजे जास्त करंटला पडणाऱ्या खटक्याची, रचना असते. शॉर्ट असेल तर दर वेळी आत ठिणगी उडते आणि संपर्कांचा धातू जळतो. खटका दोनदा वर करून पाहा, त्यापुढे नको. डीबीत ओल दिसत असेल, जळका वास येत असेल किंवा चरचर ऐकू येत असेल, तर त्याला हातच लावू नका. मीटरजवळचा मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा.

[दृश्य: जवळून. आरसीसीबीवरचं छोटं टेस्ट बटण, शेजारी छापलेलं ‘३० एमए’.]

पडलंय काय, हे आधी बघा. अरुंद, एका खणाचा, ‘सी १६’ किंवा ‘सी १०’ छापलेला तो एमसीबी. वायरमधून झेपेल त्यापेक्षा जास्त करंट गेला की तो पडतो. दोन खणांएवढा रुंद, टेस्ट बटण असलेला तो आरसीसीबी. पुष्कळ घरांत त्याला ईएलसीबीच म्हणतात. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परतला नाही, म्हणजे कुठेतरी जमिनीत, भिंतीत किंवा माणसाच्या अंगातून गळाला, की हा पडतो. त्याला ३० मिलीअँपिअरच्या आतली गळती पुरते.

आता खटका वर करायची रीत. काही खटके ट्रिप झाल्यावर पूर्ण खाली न येता मध्येच थांबतात. तिथून वर ढकलले तर अडकत नाहीत. आधी पूर्ण खाली दाबा, मग वर.

त्यानंतर लक्ष ठेवायचं ते एकाच गोष्टीवर: वर केल्यावर खटका किती वेळाने पडतो? निम्मं निदान त्यात असतं.

एमसीबी वर करताक्षणीच पडला, तर फेज न्यूट्रलला किंवा अर्थिंगला थेट भिडली आहे. ‘सी’ प्रकारच्या एमसीबीतलं चुंबकीय कॉइल त्याच्या आकड्याच्या पाच ते दहा पट करंटला क्षणात खटका पाडतं. पाच-दहा मिनिटांनी पडला, तर आतली द्विधातूची पट्टी तापून वाकली आहे, म्हणजे ओव्हरलोड. २००० वॅटचा गीझर एकटा जवळपास ९ अँपिअर घेतो. त्याच लाइनवर १००० वॅटची इस्त्री आणि मायक्रोवेव्ह आले की १६ अँपिअरचा एमसीबी टिकत नाही. अशा वेळी पट्टी निवायला मिनिट-दोन मिनिटं द्या. गरम असताना खटका वर राहणारच नाही.

ओव्हरलोड नसूनही तो उशिरा पडत असेल, तर एमसीबीच्या खालचा स्क्रू संशयित. स्क्रू सैल झाला की तिथेच उष्णता तयार होते आणि ती पट्टीपर्यंत पोचते. वायरचं आवरण टोकाशी तपकिरी पडलेलं दिसतं. तेवढा भाग कापून, नवं टोक सोलून, स्क्रू घट्ट करावा लागतो. मेन बंद करून, वायरमनच्या हातून.

[दृश्य: सगळे एमसीबी खाली. एक हात आरसीसीबी वर करतो.]

आरसीसीबी पडत असेल तर शोध लांबतो, पण घरच्या घरी बराच करता येतो. सगळे एमसीबी खाली करा. आरसीसीबी वर करा. राहिला, तर एकेक एमसीबी वर घ्या. ज्याच्यासरशी आरसीसीबी पडेल, ती लाइन दोषी. त्या लाइनवरचे सगळे प्लग सॉकेटमधून उपसून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण बटण फक्त फेज तोडतं. न्यूट्रल जोडलेलाच राहतो आणि गळती त्याच्याकडूनही होते.

गुन्हेगार बहुधा गीझर निघतो, त्यातही बोअरच्या जड पाण्याच्या गावांत. एलिमेंटच्या, म्हणजे पाणी तापवणाऱ्या भागाच्या, धातूच्या नळीत तार असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड. क्षारांचा थर बसून नळीला बारीक छिद्र पडलं की पूड ओल धरते. सुरुवातीला गळती थोडी असते, म्हणून आरसीसीबी कधी पडतो, कधी नाही, आणि लोक चांगला आरसीसीबीच बदलून बसतात.

सगळे प्लग काढूनही पडतो? मग वायरिंग. बाहेरच्या भिंतीतला बोर्ड, गॅलरीतला दिवा, गच्चीवरच्या पंपाची लाइन, पाणी शिरलेला पाइप. दुपारी उघडीप मिळाली की खटका राहतो, रात्रीच्या सरींनंतर पडतो. हे ओलीचंच लक्षण.

सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी राहत नसेल, तर न्यूट्रल कुठेतरी अर्थिंगला टेकलेला असू शकतो. एका खणाचा एमसीबी न्यूट्रल तोडत नाही, त्यामुळे एमसीबी खाली करून ही लाइन सापडत नाही. वायरमन न्यूट्रल पट्टीवरच्या वायरी एकेक सोडवून पाहतो. घरात इन्व्हर्टर असेल तर आधी तिकडे बघायला सांगा: बसवताना दोन लाइनींचे न्यूट्रल एकत्र जोडले गेले की असाच त्रास होतो.

[दृश्य: मेगरची काडी वायरच्या टोकाला. पडद्यावर आकडा.]

ओल पकडायला साधा मल्टिमीटर पुरत नाही. मेगर ५०० व्होल्ट देऊन आवरण तपासतो. त्याआधी सप्लाय बंद आणि सगळी उपकरणं सोडवलेली हवीत. फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ, दोन्हीकडे किमान १ मेगाओहम यायला हवा.

आणि खटकाच बिघडलाय का? मीटरजवळचा मेन स्विच आणि इन्व्हर्टर बंद करून खटका वर करा. घरांतले नेहमीचे एमसीबी आणि आरसीसीबी वीज नसतानाही वर अडकतात. वीज नसतानाही राहत नसेल, तर आतली यंत्रणा गेली. नवा घेताना आकडा तोच ठेवा. ‘सारखा पडतो’ म्हणून १६ च्या जागी ३२ अँपिअर बसवणं म्हणजे भिंतीतली अडीच चौरस मिलिमीटरची वायर जाळायची परवानगी देणं. खटका पडणार नाही, वायर पेटेल.

दुरुस्ती झाली, सप्लाय आला, की टेस्ट बटण दाबा. आरसीसीबी लगेच पडायला हवा. नाही पडला, तर तो त्याच दिवशी बदला. पुढेही महिन्यातून एकदा हे बटण दाबून बघा.