पाठीवरचा किल्टा

श्रोतेहो, नमस्कार.

गणपतीपुढं ठेवायच्या पाच फळांत आज प्रत्येक घरी सफरचंद असतंच. माझ्या आजीच्या वेळी तसं नव्हतं. सफरचंद घरात आलं की शेजारीपाजारी विचारायचे, "कोण आजारी आहे?" आता श्रावण सरता सरता आपल्या कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत ढीग लागतात, गाडीवाला "शिमला, शिमला" म्हणून ओरडतो, आपण दोन किलो घेतो आणि पुढं जातो. हे शिमल्याचं फळ पिकवणारा माणूस कोण, त्याचं घर कसं, त्याच्या पदरात काय पडतं, हे मी कधी मनातही आणलं नव्हतं. करवीर तालुक्यातल्या ऊसवाल्या घरची सून असूनही आणलं नव्हतं, याची मला आज खंत वाटते. म्हणून आजचं हे बोलणं.

२०२४ च्या सप्टेंबरात आम्ही दोघं हिमाचलात गेलो. कोल्हापूरहून निजामुद्दीन, तिथून कालका, आणि कालक्याहून डोंगरातली ती छोटी गाडी. १९०३ साली सुरू झालेली ही रेल्वे शंभरावर बोगदे पार करत वर चढते. शिमल्यात आम्ही एकच रात्र राहिलो. आम्हाला जायचं होतं कोटगढला. आमच्या ह्यांची ओळख पूर्वी एका शेतकरी मेळाव्यात तिथल्या एका बागायतदाराशी झाली होती आणि त्यांनी मनापासून बोलावलं होतं.

शिमल्याहून ठियोग, मतियाना करत बस नारकंड्याला पोचते. उंची साधारण २७०० मीटर, म्हणजे आपल्या पन्हाळ्याच्या जवळजवळ तिप्पट. तिथून उजव्या-डाव्या वळणांनी देवदारातून खाली उतरायला लागलो की ठाणेधार आणि कोटगढ. देवदार संपला आणि अचानक सगळा उतार लाल ठिपक्यांचा झाला. आपल्याकडं डोंगरउतारावर नाचणीच्या, वरीच्या पायऱ्या असतात ना, तशाच पायऱ्या, पण प्रत्येक पायरीवर सफरचंदाची झाडं आणि त्यांच्यावर गारांपासून वाचवायला ताणलेली पांढरी जाळी. पार खाली, दरीच्या तळाला, सतलज. झाडांचे बुंधे कमरेपर्यंत निळसर-पांढऱ्या रंगानं रंगवलेले. हे वाकून बघत म्हणाले, "अगं, हे तर मोरचूद आणि चुना!" खरंच तसंच होतं. आपल्या शेजारच्या सांगलीचे द्राक्षवाले ज्या बोर्डो मिश्रणावर जीव टाकतात, तेच औषध इथं हिमालयात. मला एकदम ओळखीच्या घरी आल्यासारखं वाटलं.

ज्या घरी उतरलो, तिथल्या वयस्कर बाईंना सगळा गाव अम्मा म्हणतो, मीही अम्माच म्हणू लागले. पहिल्या संध्याकाळी त्यांनी सिड्डू केले. कणीक आंबवून, आत अक्रोड-खसखशीचं सारण भरून, वाफेवर उकडलेला जाड उंडा, आणि वर तुपाची धार. आपल्या उकडीच्या दिंडांची आठवण झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बागेत नेलं आणि फळ काढायला शिकवलं.

मी पहिलं सफरचंद ओढलं. अम्मांनी माझा हात धरला. ओढायचं नाही. फळ तळव्यात घ्यायचं, बोट देठाच्या मुळाशी टेकवायचं आणि फळ वर उचलून हलकेच वळवायचं. टक् असा बारीक आवाज येतो आणि देठासकट फळ हातात. देठ तुटलं तर फळ लवकर नासतं, भाव उतरतो. आणि जिथून देठ सुटतं तिथं एक आखूड, सुरकुत्या पडलेली, करंगळीएवढी काडी असते. तिच्या टोकाला पुढच्या वर्षाचा डोळा आधीच तयार असतो. फळ ओढलं तर ती काडीही येते. "हे आत्ताचं फळ," त्या हिंदीतून म्हणाल्या, "आणि हे पुढच्या वर्षाचं. एका हातानं दोन्ही सांभाळायचं." मला आमच्या गुऱ्हाळावरचा गुळव्या आठवला. काहिलीतला रस उकळत असतो, तो दोन बोटांत थेंब धरून पाहतो आणि एका क्षणात सांगतो, "उतरा." त्या क्षणाच्या अलीकडं गूळ मऊ, पलीकडं करपलेला. अशी शहाणी बोटं घडायला वर्षं जातात.

काढलेलं फळ जातं किल्ट्यात. किल्टा म्हणजे वर रुंद, खाली निमुळती अशी पाठीवर घ्यायची टोपली. बागेत ट्रॅक्टर जात नाही, बैलगाडीचा तर प्रश्नच नाही. भरलेला किल्टा पाठीवर घेऊन माणसं तो उभा चढ चढतात. बरीचशी नेपाळहून हंगामापुरती आलेली, जशी आपल्याकडं बीडची ऊसतोड कुटुंबं येतात. त्यांचीही पोरं बागेच्या कडेला खेळत होती. ते पाहून मी थोडा वेळ काही बोलूच शकले नाही.

आता या किल्ट्याचीच एक गोष्ट मला तुम्हाला मुद्दाम सांगायची आहे.

ही सफरचंदं हिमालयातली असली तरी मूळची तिथली नाहीत. इंग्रजांनी कुल्लू भागात आधी बागा लावल्या होत्या, १८७० च्या सुमारास बंदरोलला एका इंग्रज कॅप्टननं. पण ती फळं आंबटसर, आपल्या लोकांच्या जिभेला फारशी न रुचणारी. कोटगढला गोड सफरचंद आणलं ते सॅम्युएल इव्हान्स स्टोक्स यांनी. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या खात्यापित्या घरातला हा मुलगा १९०४ साली, बाविसाव्या वर्षी, भारतात आला तो कुष्ठरोग्यांची सेवा करायला. पुढं कोटगढला स्थिरावला, १९१२ मध्ये तिथल्याच मुलीशी लग्न केलं, जमीन घेतली आणि शेती करू लागला. १९१६ च्या आसपास त्यांनी अमेरिकेहून रेड डेलिशस जातीची कलमं आणून लावली. नंतर त्यांच्या आईनं गोल्डन डेलिशसची कलमं पाठवली. आणि ती वाढवून त्यांनी आसपासच्या शेतकऱ्यांना रोपं दिली, लावायला शिकवलं. बटाटा आणि जवावर कसंबसं जगणारा तो डोंगर पालटला.

पण श्रोतेहो, मला त्यांच्या सफरचंदापेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. त्या काळी कोटगढवरून हिंदुस्थान-तिबेट रस्ता जायचा. साहेब शिकारीला निघाले, अधिकारी दौऱ्यावर निघाले, की गावकऱ्यांनी शेतीची कामं टाकून त्यांचं सामान पाठीवरून वाहायचं. याला बेगार म्हणायचे. नांगरट असो, पेरणी असो, बोलावलं की जायचं. स्टोक्स यांनी या बेगारीविरुद्ध डोंगरातल्या लोकांना उभं केलं, आणि १९२१ मध्ये सरकारला नमतं घ्यावं लागलं. त्याच वर्षाच्या शेवटी, असहकार चळवळीत, त्यांना सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेला हा अमेरिकन खादी वापरायचा.

आता जरा आपल्या गावाकडं बघा. याच सुमारास, १९२० च्या आसपास, आपल्या करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराज वेठबिगार कायद्यानं बंद करत होते. ज्यांच्याकडून फुकट राबवून घेतलं जायचं त्यांना माणूस म्हणून उभं करत होते. आणि त्याच महाराजांनी त्याआधी पन्हाळ्याच्या डोंगरात चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोगही केले होते, शेतकऱ्याच्या मालाला पेठ मिळावी म्हणून शाहूपुरी वसवली होती. एक राजा, एक परदेशी शेतकरी, मध्ये शेकडो कोस. दोघांची भेट झाल्याचं मी कुठं ऐकलेलं नाही. पण ठाणेधारला स्टोक्स यांनी १९३७ मध्ये बांधलेल्या मंदिराच्या पायरीवर बसून मला महाराजांची इतकी आठवण झाली की डोळे भरून आले. मंदिराच्या लाकडावर उपनिषदं आणि गीतेतली वचनं कोरलेली आहेत. १९३२ मध्ये त्यांनी हिंदू धर्म स्वीकारून सत्यानंद हे नाव घेतलं होतं.

अम्मांनी सांगितलं, त्यांच्या सासऱ्यांच्या वडिलांनी पाठीवर साहेबाचे तंबू वाहिले होते. मी त्यांच्या अंगणातल्या त्या किल्ट्याकडं बघत राहिले. टोपली तीच. आता तिच्यात त्यांचंच फळ होतं.

रात्री अंगणात पेट्या भरायचं काम चाललं होतं. फळ आकारानं निवडायचं. सगळ्यात बारीक फळाला तिथं पित्तू म्हणतात. कागदी लगद्याच्या ताटल्यांत एकेक फळ देठ एका बाजूला करून बसवायचं. त्या हंगामात सरकारनं एकसंध, ठरावीक मापाची पेटी सक्तीची केली होती, वीस-बावीस किलोची. त्याआधीची पेटी दोन तुकड्यांची, वरचा तुकडा हवा तेवढा उचलता यायचा. मग आडत्याच्या आग्रहानं तीत पंचवीस, अठ्ठावीस, कधी तीस किलो माल कोंबायचा, आणि भाव मात्र पेटीचा. वरचं फळ शेतकऱ्याच्या पदरचं गेलं. हे ऐकताना आमचे हे मांडी घालून बसले ते उठलेच नाहीत. काट्यावर किती टन भरला आणि पावतीवर किती आला, या हिशेबात ज्यांची आख्खी हयात गेली त्यांना यात नवं काय होतं? १९९० च्या जुलैत आधारभावासाठी तिथले बागायतदार रस्त्यावर उतरले तेव्हा कोटगढला गोळीबार झाला, तिघं गेले. ऊसदरासाठी आपल्या भागानंही रस्ते पाहिलेत, लाठ्या पाहिल्यात. आम्ही दोन्हीकडची माणसं त्या रात्री बराच वेळ गप्प बसलो होतो.

आपल्याकडं हे फळ का होत नाही, असं मला आल्यापासून बरेच जण विचारतात. रेड डेलिशस जातीच्या झाडाला हिवाळ्यात सात अंशांच्या खालची थंडी हजार-बाराशे तास लागते. तेवढी झोप मिळाली तरच एप्रिलात मोहर नीट फुटतो. शिवाय रेड डेलिशसला आपल्याच परागानं फळ धरत नाही, मध्ये मध्ये गोल्डनची झाडं लागतात आणि मधमाश्या लागतात. फुलाच्या दिवसांत मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं आणून बागेत ठेवतात. हिमाचलातल्याच बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी कमी थंडीत येणारी एक जात काढली आहे, एचआरएमएन-९९. त्याबद्दल त्यांना २०२५ चा पद्मश्री मिळाला. आपल्याकडं कुणी लावून पाहणार असेल तर जरूर लावावी, दोन झाडांपासून सुरुवात करावी. मात्र कोटगढचे लोक आता दुसऱ्याच काळजीत आहेत. बर्फ कमी पडतो, पडला तर उशिरा पडतो, आणि फुलाच्या वेळी गारा येतात. खालच्या उतारावरच्या काही जणांनी सफरचंद काढून डाळिंब लावलंय. डाळिंबाचं नाव ऐकून मला सोलापूर-सांगोला आठवलं.

निघताना मी अम्मांना आमच्या गुऱ्हाळाचा गुळाचा छोटा रवा दिला. त्यांनी तिथंच एक खडा फोडून तोंडात टाकला, दुसरा बाजूला पेट्या भरणाऱ्या नेपाळी बाईच्या लेकराला दिला. आम्हाला त्यांनी पेटी दिली, वाटेत कुठं आपटायची नाही अशी ताकीद देऊन. कोल्हापुरात येऊन उघडली तर एकाही फळाचं देठ मोडलेलं नव्हतं.

डिसेंबरात आमच्याकडं गळीत चालू होतं, टोळी फडात होती, मी जेवणाचे डबे भरत होते, तेव्हा त्यांचा फोन आला. इकडं ट्रॅक्टरचा आवाज, त्यामुळं आधी काही ऐकू येईना. मग कळलं. रात्रभर बर्फ पडलं होतं, झाडं गुडघ्यापर्यंत बुडाली होती, आणि अम्मा आनंदानं सांगत होत्या, "सो गए पेड़, बेटी. अब चैन से सोएँगे."

नमस्कार.