उडी मारण्याआधी उतरणे

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्या व्यवसायाविषयी मी बोलणार आहे, त्यातला माणूस सामन्याच्या दिवशी बहुधा खेळाडूंच्या बाकामागे उभा असतो आणि गुणफलकावर किंवा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्याचे नाव येत नाही. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन बास्केटबॉल संघांकडे मुख्य प्रशिक्षकाखेरीज आणखी एक प्रशिक्षक असतो, ज्याला तिथे स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोच म्हणतात. चेंडू बास्केटमध्ये कसा टाकावा, हे तो शिकवत नाही. तो खेळाडूचे पाय, कंबर, पाठ आणि दम घडवतो. आपल्या तालमीतला वस्ताद डावही शिकवतो आणि जोर-बैठकाही मोजतो. तिथे ही दोन कामे दोन माणसांत वाटली गेली आहेत.

ही वाटणी फार जुनी नाही. वजने उचलली की शरीर जड होते, स्नायू आखडतात आणि नेम जातो, असा समज तिथल्या खेळांच्या मैदानांवर वर्षानुवर्षे होता. १९६९ साली नेब्रास्का विद्यापीठात बॉइड एपली नावाचा पोल व्हॉल्टपटू स्वतः दुखापतीतून सावरताना वजने उचलत असे आणि त्याचे पाहून अमेरिकन फुटबॉल संघातले काही जायबंदी खेळाडूही तसेच करू लागले. तिथले सहायक प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न यांनी ते हेरले आणि मुख्य प्रशिक्षक बॉब डेव्हनी यांना राजी केले. मात्र एक जरी खेळाडू मंदावला तरी तुझी नोकरी गेली, असे डेव्हनी यांनी एपलीला बजावले. कोणी मंदावले नाही. १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षे नेब्रास्काने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, आणि १९७८ साली याच एपलीने या प्रशिक्षकांची संघटना उभी केली. आज या व्यवसायात शिरू पाहणारे तरुण त्याच संघटनेची परीक्षा देतात.

बास्केटबॉलला हे वळण फुटबॉलपेक्षा उशिरा लागले, आणि याचे मला नेहमी नवल वाटते, कारण हा खेळ मुळात व्यायामाच्या तासातच जन्मला. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफिल्ड इथल्या वायएमसीएच्या प्रशिक्षणशाळेत जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाने हिवाळ्यात घरात कोंडलेल्या तरुणांसाठी पीचच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या आणि खेळ सुरू झाला. आपल्या मुंबईच्या नागपाड्यात आजही ज्या हिरिरीने तो खेळला जातो, त्याचे मूळ त्या टोपल्यांत आहे. हेच नेस्मिथ पुढे १८९८ साली कॅन्सस विद्यापीठात गेले. ते डॉक्टरही होते, आणि सामना जिंकण्यापेक्षा शरीर घडवण्याकडे त्यांचा ओढा अधिक होता. इथे थोडे मनातले बोलतो. माझ्या शाळेत पीटीचा तास हा गणिताचा राहिलेला भाग पुरा करण्यासाठी असतो, असे सगळे धरून चालत असत. आजही अनेक शाळांत हेच चालते आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

कॅन्ससचे नाव आले, तेव्हा आता मला जी गोष्ट सांगायची आहे तिच्याकडे येतो.

२००४ साली कॅन्ससमध्ये अँड्रिया हुडी रुजू झाल्या. पेनसिल्व्हेनियातल्या हंटिंग्डनच्या या बाई मेरीलँड विद्यापीठाकडून व्हॉलीबॉल खेळलेल्या आणि त्याआधी जवळजवळ दहा वर्षे कनेटिकट विद्यापीठात हेच काम केलेल्या होत्या. पुरुषांच्या पहिल्या फळीतल्या बास्केटबॉल संघाच्या व्यायामशाळेची सूत्रे एका स्त्रीच्या हाती असणे, हे त्या काळी अगदी विरळा होते. मुलींनी वजने उचलू नयेत असे आपल्याकडे अजून ऐकू येते; तसे म्हणणाऱ्या प्रत्येकाने हुडी यांची कारकीर्द पाहावी असे मला वाटते.

२००७ च्या मे महिन्यात कॅन्ससचा ब्रँडन रश हा एक प्रमुख खेळाडू सुट्टीतल्या साध्या खेळात गुडघा धरून खाली बसला. गुडघ्याच्या आतला, मांडी आणि नडगी यांना जखडून ठेवणारा पुढचा बंध, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, तो फाटला होता. व्यावसायिक खेळाडूंच्या निवडीसाठी त्याने नाव दिलेले होते, ते मागे घेऊन तो विद्यापीठात परतला आणि जूनच्या आरंभी त्याची शस्त्रक्रिया झाली. ज्यांनी घरात कोणाचे प्लास्टर निघालेले पाहिले आहे, त्यांना ठाऊक आहे की काही आठवड्यांत पाय कसा काडीसारखा होतो. शस्त्रक्रिया डॉक्टर करतात, पहिले काही आठवडे फिजिओथेरपिस्ट सांभाळतात, पण गेलेली मांडी परत आणायची, दोन्ही पायांचे बळ पुन्हा सारखे करायचे आणि खेळाडूला त्या पायावर विश्वास टाकायला लावायचा, हे काम अखेर व्यायामशाळेत होते. रश त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मैदानावर उतरला.

आता ७ एप्रिल २००८, सोमवारची रात्र. टेक्ससमधल्या सॅन अँटोनियो शहरातले अलामोडोम, चाळीस हजारांहून अधिक प्रेक्षक आणि राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना. एका बाजूला मेम्फिस, ज्यांनी संपूर्ण हंगामात एकच सामना गमावला होता. दुसऱ्या बाजूला कॅन्सस, ज्यांच्या गाठीशी बाद फेरीतले पाच विजय होते आणि ज्यांच्याकडून दोनच दिवसांपूर्वी उपांत्य सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध याच रशने २५ गुण मिळवले होते. दहा महिन्यांपूर्वी शस्त्रक्रिया झालेला गुडघा घेऊन, श्रोतेहो.

सामन्याची दोन मिनिटे आणि बारा सेकंद उरलेली असताना मेम्फिस ६०, कॅन्सस ५१. पुन्हा सांगतो, दोन मिनिटे बारा सेकंद आणि नऊ गुणांची पिछाडी. कॅन्ससने आधी दोन गुण मिळवले, लगेच शेरॉन कॉलिन्सने मेम्फिसचा आत टाकलेला चेंडू पळवला आणि काही क्षणांत तीन गुणांचा फटका मारला. मग कॅन्ससने मुद्दाम फाऊल करून मेम्फिसला फ्री थ्रोच्या रेषेवर पाठवायला सुरुवात केली. फ्री थ्रो म्हणजे पंधरा फुटांवरून, समोर कोणीही आडवे नसताना, स्थिर उभे राहून टाकायचा चेंडू. घरामागच्या अंगणातही मुले तो तासन्‌तास टाकतात. मेम्फिसने शेवटच्या सव्वा मिनिटात असे पाच चेंडू टाकले आणि त्यांतले चार चुकले. पाचांतले चार.

याचे श्रेय कॅन्ससच्या व्यायामशाळेला द्यावे, असे मी म्हणणार नाही, कारण अशा क्षणी मनावरचा ताणही हात थरथरवतो. पण फ्री थ्रो हा हाताचा खेळ दिसत असला तरी त्याचा जोर गुडघ्यांतून वर येतो आणि अडतीस मिनिटे धावलेले पाय जेव्हा पुरते वाकत नाहीत, तेव्हा चेंडू कडीच्या अलीकडेच आदळतो, हे कोणताही जुना खेळाडू सांगेल.

शेवटी मेम्फिस ६३, कॅन्सस ६०. काही सेकंद उरलेले. कॉलिन्स चेंडू घेऊन धावला, अडखळला, आणि पडता पडता त्याने चेंडू मारिओ चाल्मर्सकडे सोपवला. समोर मेम्फिसचा डेरिक रोझ हात उंचावून आला. चाल्मर्सने उडी घेतली आणि चेंडू सोडला. २.१ सेकंद उरलेले असताना तो कडीतून आत पडला आणि बरोबरी झाली, ६३-६३.

मी ही चित्रफीत किती वेळा पाहिली असेल, याची मोजदाद नाही. सगळे लोक चेंडूकडे पाहतात. तुम्ही कधी पाहिलीत, तर चाल्मर्सच्या पायांकडे पाहा. जवळजवळ चाळीस मिनिटे झालेल्या सामन्यात, धावत येऊन, तोल पुरता सावरलेला नसताना, ते पाय त्याला पुरेशा उंचीवर नेतात. मग पाच मिनिटांचा जादा वेळ झाला. त्यातले पहिले सहा गुण कॅन्ससचे होते, आणि त्या पाच मिनिटांचा हिशेब कॅन्सस १२, मेम्फिस ५ असा लागला. एकूण ७५-६८. पुढे नियमभंगाच्या कारणाने मेम्फिसचा तो हंगामच नोंदींतून वगळला गेला, पण त्या रात्रीची धाव नोंदवहीच्या पलीकडची आहे.

आता या गोष्टीमागचे रोजचे काम थोडक्यात सांगतो, कारण गोष्टीने माझा बराच वेळ घेतला आहे.

हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपतो. हंगामात खेळाडूकडून आठवड्याला जास्तीत जास्त २० तास आणि हंगामाबाहेर ८ तास सराव घेता येतो, आणि वजनांचा व्यायाम त्यातच मोजला जातो. त्यामुळे सामन्यांच्या दिवसांत बळ वाढवण्यापेक्षा ते टिकवण्यावर भर असतो. वजने कमी वेळा पण नेमाने उचलली जातात. सात फुटी मुलाला खांद्यावर दांडा देऊन पूर्ण बैठक मारायला लावणे अवघड असते, कारण लांब मांड्यांमुळे तो पुढे झुकतो आणि सगळा भार कमरेवर येतो. अशा मुलाला षट्कोनी चौकटीच्या दांड्याच्या मध्ये उभे करून, दोन्ही बाजूंच्या मुठी धरून वजन उचलायला लावतात, म्हणजे भार शरीराच्या रेषेत राहतो. हे डोळ्याने पाहून ठरवावे लागते, आणि मला तर या विद्येचा खरा कस तिथेच दिसतो. खेळाडूच्या हाती पावडरीचे डबे देणे सोपे आहे; आपल्याकडच्या जिममध्ये तेच आधी होते आणि झोपेविषयी कोणी विचारतही नाही, हे मला पटत नाही.

या वाटेवर येणाऱ्याला पदवी घ्यावी लागते, मग एखाद्या विद्यापीठात पहाटे उठून वजनांच्या चकत्या जागेवर लावत उमेदवारी करावी लागते, आणि नोकरी लागली तरी ती अनेकदा मुख्य प्रशिक्षकाच्या नशिबाला बांधलेली असते. तो गेला की त्याच्याबरोबरची माणसेही जातात. हुडी कॅन्ससमध्ये पंधरा वर्षे टिकल्या, हे म्हणूनच मोठे. २०१९ साली त्या टेक्सस विद्यापीठात गेल्या आणि २०२१ साली कनेटिकटला परतल्या, या वेळी मुलींच्या संघाकडे.

तिथेही गुडघेच वाट पाहत होते. पेज बेकर्सचा एसीएल २०२२ च्या ऑगस्टमध्ये फाटला आणि तिचा एक संपूर्ण हंगाम गेला. अझी फड हिचा २०२३ च्या नोव्हेंबरात. या दोघी ६ एप्रिल २०२५ रोजी टँपा शहरात अंतिम सामन्यात एकत्र उतरल्या, कनेटिकटने साउथ कॅरोलायनाला ८२-५९ असे हरवले, आणि फडने २४ गुण मिळवून स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू हा मान घेतला.

मुलींचा हा गुडघा मुलांपेक्षा अधिक वेळा फाटतो, आणि बहुतेक वेळा कोणाचा धक्का लागलेला नसतो. उडीवरून खाली येताना किंवा एकदम वळताना गुडघा आतल्या बाजूला कोसळतो आणि बंध तुटतो. म्हणून उन्हाळ्यात नव्या मुली आल्या की त्यांना आधी उंच उडी मारायला शिकवत नाहीत. गुडघाभर उंचीच्या लाकडी खोक्यावर उभे करतात आणि खाली उतरायला सांगतात. प्रशिक्षक बाजूला उभे राहून गुडघ्यांकडे पाहतात आणि कान देऊन ऐकतात. तळवे धाडकन आदळले, तर भार सांध्यांनी झेलला असे समजायचे आणि पुन्हा खोक्यावर चढायचे. नितंब मागे, गुडघे बोटांच्या रेषेत, पुन्हा उतरायचे. पाऊल पडल्याचा आवाज जवळजवळ ऐकू येईनासा झाला, की खोका थोडा उंच करतात.

नमस्कार.