पेटी, तबला आणि योसेफ

(ठाण्यातलं एक घर. दाराबाहेर चपला. आतून पेटीचा सूर.)

ही वही आधी बघा. कडा झिजल्यात, शाई फिकी झालीय, अक्षर मात्र बाळबोध, घोटीव. पदाच्या डोक्यावर लिहिलंय ‘साकी’. पान उलटलं की ‘दिंडी’. आणि खाली नावं आहेत योसेफ, याकोब, फारो. चाल तुम्ही ओळखाल, कीर्तनातलीच. कथा पंढरीची नाही, मिसर देशाची आहे.

इथे गाणाऱ्या बाया बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावला फुटलं, सात जोडपी वाचली, असं त्या सांगतात. कोकणात हे लोक तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून ‘शनिवार तेली’. घरात मराठी, प्रार्थना हिब्रू. पण हिब्रू समजणारे किती?

1832 मध्ये जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. मिशनऱ्यांना आशा होती, ही माणसं ख्रिस्ती होतील. बेने इस्राएलांनी शाळा घेतल्या, मराठी बायबल घेतलं, आणि त्यातल्या गोष्टी कीर्तनाला लावल्या!

1880 च्या सुमारास मुंबईत बेंजामिन शिमशोन अष्टमकर अशा कीर्तनकारांतले एक. आडनावातली अष्टमी रोह्याजवळची. शेजारच्यांचं कीर्तन ऐकून कान तयार झालेले.

(तबल्यावरचा हात. मग गाणाऱ्या आजी.)

कथा गद्यात चालते. भाऊ योसेफाला कोरड्या विहिरीत ढकलतात, आणि बरोबर तिथे बोलणं थांबतं, पद सुरू होतं. आजी दोनदा अडतात. ‘थांब गं, समेवर ये.’ पेटीवालीला दटावतात, चूक स्वतःची असली तरी. पुन्हा पहिल्यापासून. मग लय चढते, एका श्वासात ओळी धावतात, शब्द ठेक्यावर आदळत राहतात. दारात टेकलेला नातू हसतो, ‘आजी, हे तर रॅप आहे.’ आजींना रॅप ठाऊक नाही. पण मराठी कीर्तनात कटाव आहे, ठेक्यावर भरभर म्हणायची रचना, आणि कटाव रचणारे अमृतराय अठराव्या शतकातले. पोराचं फारसं चुकलेलं नाही.

पूर्वी उभे राहून सांगणारे पुरुष असत. आता सूर बायकांचा.

1948 नंतर बहुतेक घरं इस्राएलला गेली, वह्याही गेल्या.

(स्वयंपाकघर. परात.)

आज या घरी नवसाचा मलिदा आहे. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची. भोवती फळं मांडायची. पोहे फार भिजले, यावर आत वाद चाललाय.

वही मिटून कपाटात गेली. आता एलियाहू हन्नबीचं, म्हणजे एलिया प्रेषिताचं गाणं. त्याला वही लागत नाही.

(गाणं पूर्ण ऐकू द्यावं.)