पाणी ३९ फुटांवर जाण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार. मृग तोंडावर आलाय. आणखी महिनाभरानं आपल्याकडं रोज सकाळी एकच चौकशी सुरू होईल, 'बंधाऱ्यावर पाणी किती?' पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण सुतारवाड्यात, प्रयाग चिखलीत, आंबेवाडीत किंवा शिरोळकडच्या नदीकाठच्या गावांत ज्या घरात व्हीलचेअरवरचा मुलगा आहे, अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्या घरानं ३९ ची वाट बघायचीच नाही. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे रात्री उघडले तरी अंधारात धावपळ नको, म्हणून दिवसाउजेडी, कोरड्या रस्त्यानं निघायचं.

होतं मात्र उलटं. हीच घरं सगळ्यांत शेवटी निघतात. गल्ली म्हणते, हट्टी आहेत. हट्ट नसतो हो. त्या घरातल्या आईला ठाऊक असतं, की निवारा म्हणजे शाळा, आणि शाळेत बसून जायचा संडास. तिच्या पंचविशीतल्या मुलाला तिथं बसवता येत नाही, आणि भरल्या वर्गात त्याचा डायपर बदलायचा कुठं, याचं उत्तर तिला कुणी दिलेलं नसतं. म्हणून ती पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत थांबते. तालीम मंडळांनी, बचत गटांनी, ग्रामपंचायतींनी आधी हा संडासाचा प्रश्न सोडवावा. ते घर वेळेत बाहेर पडेल.

त्यासाठी शाळेत टेप घेऊन जा. साधी व्हीलचेअर बाहेरून ६० ते ६५ सेंटिमीटर रुंद असते आणि संडासाचं दार बहुतेक वेळा त्याहून अरुंद निघतं. दाराची फळी बिजागरीतून काढून पडदा लावला, तर चार-पाच सेंटिमीटर जागा मिळते. तेवढ्यानंही भागत नसेल, तर वर्गाचा एक कोपरा चादरींनी बंद करा आणि तिथं कमोड खुर्ची ठेवा. संडास वापरता येत असेल, तर त्याच खुर्चीखालचं भांडं काढून ती बसक्या संडासावर ठेवता येते. मात्र खुर्चीच्या पायांना रबरी बूच हवेत. ओल्या फरशीवर खुर्ची सरकते आणि माणूस मागं पडतो. डायपर बदलायला दोन बाकं जोडून वर गादी टाका, म्हणजे आईची कंबर वाचते. पायरीसाठी फळीचा उतार करायचा, तर १५ सेंटिमीटरच्या एका पायरीला १८० सेंटिमीटर लांबी धरा, आणि दोन्ही कडांना पट्टी ठोका, नाहीतर चाक बाहेर जातं. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठीच असतो, त्यातून हे मागा.

आता उचलण्याविषयी. इथं भल्या मनाची तरणी पोरंच जास्त इजा करतात. दंडाला धरून ओढू नका, लकवा झालेल्याचा किंवा पोलिओ झालेल्याचा खांदा निखळतो. एकानं मागून काखेतून हात घालून त्या माणसाच्याच छातीवर घडी घातलेल्या मनगटांना धरायचं, दुसऱ्यानं गुडघ्याखाली हात घालायचे, आणि एकाच आवाजावर उचलायचं. त्याआधी त्यालाच विचारायचं, 'तुम्हाला कसं उचलू?' काहींची हाडं ठिसूळ असतात, काहींचे पाय एकदम ताठ होतात, ते फक्त त्यांनाच माहीत असतं.

खुर्चीसकट जिन्यावरून न्यायचं, तर चढताना आणि उतरतानाही बसलेल्याचं तोंड खालच्या बाजूला. मागच्यानं हँडल धरून खुर्ची मागच्या चाकांवर कलती करायची, पुढच्यानं पक्का सांगाडा धरायचा. हातटेका किंवा पायटेका धरू नका, तो निसटून हातात येतो. हँडलची रबरी मूठ ओढून बघा, पावसात भिजली की ती सर्रकन निघते.

बोटीत माणसाला खुर्चीला बांधायचं नाही, कधीच नाही. बोट कलंडली, तर खुर्ची त्याला तळाला नेईल. माणूस लाइफ जॅकेट घालून तळाशी गादीवर, खुर्ची वेगळी, तिला नावाची चिठ्ठी. पायात संवेदना नसेल, तर जाड मोजे आणि बूट घाला. बोटीच्या कडेला घोटा घासून रक्त आलं तरी त्याला कळत नाही, आणि ती जखम पुढं महिनोन्‌महिने भरत नाही.

वीज गेली की अंथरुणाला खिळलेल्याच्या हवेच्या गादीचा पंप बंद पडतो, मग अंगाला दाबाच्या जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्याला हातानं कुशीवर वळवावंच लागतं. लघवीची नळी लावलेल्या माणसाच्या मानेला किंवा छातीच्या वरच्या भागात मणक्याला इजा असेल आणि त्याचं डोकं अचानक ठणकू लागलं, घाम फुटला, तर त्याला लगेच ताठ बसवा आणि नळी कुठं दुमडली आहे का ते बघा. रक्तदाब भयंकर चढलेला असतो. नळी मोकळी करूनही उतार पडला नाही, तर थेट दवाखाना. फिट्सच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नयेत, १५ दिवसांचा साठा प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा. त्याच डब्यात यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आणि औषधांची चिठ्ठी.

कर्णबधिर माणसाला भोंगा ऐकू येत नाही. त्याच्या फोनवर मेसेज टाका आणि दारातही जा. बोलताना टॉर्च स्वतःच्या तोंडावर धरा, त्याच्या डोळ्यांवर नको. अंध माणसाला ओढू नका, आपला कोपर त्याच्या हातात द्या. ऑटिझम असलेलं मूल गोंगाटानं बिथरतं, पाण्याकडंही धाव घेतं. आत्ताच दोनदा त्याला शाळेत फिरवून आणा, आणि शर्टाच्या आतून फोन नंबर शिवा.

ही सगळी माहिती घरवार एका वहीत हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ८ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं अशी नोंद ठेवायची असते. तुमच्या गल्लीतली नावं त्यात आहेत का ते विचारा, नसतील तर लेखी द्या. आणि वहीत प्रत्येक नावापुढं दोन शेजाऱ्यांची नावं लिहा. एक गावाला गेला, तर दुसरा.

त्या दोघांनी आणखी एक काम करायचं. निवाऱ्यात रात्री आईला झोप मिळत नाही, कारण दोन दोन तासांनी तीच उठते. बारा ते चार एकानं, चार ते सहा दुसऱ्यानं बसावं. त्यासाठी कुशीवर कसं वळवायचं, घास केवढा द्यायचा, पाणी चमच्यानं की पेल्यानं, हे या आठवड्यातच तिच्या शेजारी बसून बघून घ्या.