गळ्याला बांधलेला टॉवेल

नमस्कार, श्रोतेहो.

माझं सोलापूरच्या पूर्व भागात चादरी आणि टॉवेलांचं दुकान आहे. चादरवाला रेडिओवर सुपरहिरोंबद्दल बोलणार म्हटल्यावर घरचेच आधी हसले. पण आमच्या धंद्याचा आणि सुपरहिरोचा संबंध तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. शाळेला सुट्टी लागली की गल्लीतली पोरं सुपरमॅन होऊन टॉवेल गळ्याला बांधून कट्ट्यावरून उड्या मारतात. गाठ गळ्यापाशी, बाकीचा पाठीवर सोडलेला. मीही मारल्यात. हनुवटीवर अजून खूण आहे, रेडिओवर दाखवता येत नाही एवढंच.

आता गंमत ऐका. २०२२ च्या मार्चमध्ये मी नातवाला 'द बॅटमॅन' दाखवायला नेलं. तो तेव्हा बारा वर्षांचा. बाहेर आपलं सोलापूरचं मार्चमधलं ऊन, आणि आत जवळजवळ तीन तास नुसता पाऊस. गारव्याचे पैसे वसूल झाले. पण तो नायक! तोंडावर हसू म्हणून नाही. सुरुवातीलाच तो एका माणसाला गुंडांच्या तावडीतून सोडवतो, आणि तो माणूस ह्यालाच हात जोडतो, की बाबा, मला मारू नकोस. ज्याला वाचवलं तोच घाबरला. मी मनात म्हटलं, ह्याच्यासारखं व्हायचं म्हणून गळ्याला टॉवेल बांधून कोण उडी मारेल?

घरी येताना नातवाला विचारलं, "कसा वाटला?" तर म्हणाला, "आबा, एक नंबर. उदास आहे म्हणून तर खरा वाटतो."

तेव्हापासून आम्ही दोघं ह्याच मुद्द्यावर भांडतोय. आज रेडिओवर मी एकटाच बोलतोय, तेव्हा माझी बाजू जरा जास्त होईल, समजून घ्या.

ही उदासी आली कुठून, ते थोडक्यात सांगतो. १९६६ साली अमेरिकेत टीव्हीवर बॅटमॅनची मालिका आली, ती अगदी विनोदी. वीस वर्षांनी, १९८६ मध्ये, तिकडच्या कॉमिक्समध्ये थकलेले, चिडलेले, स्वतःवरच शंका घेणारे नायक आले आणि लोकांना वाटलं, चला, हे वाङ्मय वयात आलं. पुढं १९९७ मध्ये बॅटमॅनचा एक भडक रंगांचा सिनेमा सपशेल आपटला. मग २००५ मध्ये त्याच बॅटमॅनला गंभीर करून आणला आणि २००८ च्या दुसऱ्या भागानं जगभरात शंभर कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला. बाजारात एखादी डिझाइन चालली की सगळ्या मागांवर तीच चढते, हे मला वेगळं सांगायला नको. काळा रंग चालला, सगळ्यांनी काळा काढला. २०१३ मध्ये तर सुपरमॅनलासुद्धा तोच रंग दिला. अर्धं शहर जमीनदोस्त झालं आणि शेवटी त्यानं शत्रूची मान मोडली. सुपरमॅननं!

बॅटमॅनचं समजू शकतो. त्याच्या डोळ्यांदेखत आईबाप मारले गेले. ते दुःख काढून घेतलं तर उरतो एक श्रीमंत माणूस, रात्रीचा विचित्र छंद असलेला. पण सुपरमॅन?

इथं मला जो माणूस आठवतो, त्याच्याबद्दल वाचलं तेव्हा दुकानात गिऱ्हाईक उभं असताना मी पुस्तक मिटलं नव्हतं. जेरी सीगल. सुपरमॅन ज्या दोघा पोरांनी काढला, त्यातला लिहिणारा. चित्रं जो शुस्टरची. दोघंही अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचे, स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले. जेरीच्या वडलांचं कपड्यांचं दुकान होतं. १९३२ साली दुकानात चोर शिरले आणि त्या झटापटीत वडलांचं हृदय बंद पडलं. जेरी तेव्हा सतरा वर्षांचा.

कपड्याचं दुकान, आणि गल्ल्यापाशी गेलेला बाप. रोज शटर ओढणाऱ्या माणसाला ही गोष्ट कशी लागते, ते सांगता येत नाही.

आणि सहा वर्षांनी, १९३८ मध्ये, त्या पोराचा सुपरमॅन छापून आला. तो कसा होता? रडका? अजिबात नाही. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला उचलून भिंतीवर आपटणारा, लबाड माणसांची टर उडवणारा, इमारतींवरून टणाटण उड्या मारणारा. आपल्याला हे जमतं, ह्याचाच त्याला आनंद. ज्या पोराकडं रडायला पक्कं कारण होतं, त्यानं हसणारा गडी काढला. आणि ज्या कंपन्यांकडं मोप पैसा होता, त्यांनी पुढं त्याला रडवलं.

जाता जाता एक. त्याच १९३८ साली आपल्या सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस चीनला गेले. तिथं असताना वडील गेल्याचं कळलं, तरी ते जखमींना सोडून परतले नाहीत. तिथंच लग्न केलं आणि मुलाचं नाव ठेवलं यिन्हुआ, म्हणजे भारत आणि चीन. युद्ध चालू, औषधं नाहीत, आणि माणूस बाळाच्या नावात दोन देश जोडतो! १९४२ च्या डिसेंबरात, बत्तिसाव्या वर्षी ते गेले.

नातू म्हणतो, "पण आबा, सुखी माणसाची स्टोरी काय करणार? त्याला अडचणच नाही." त्याचा हा मुद्दा मी बरेच दिवस टाळला. कथेला अडचण लागतेच. पण ती नायकाच्या पोटातच कशाला हवी? बाहेर काय कमी आहेत? १९७८ च्या सिनेमात क्रिस्तोफर रीव्हचा सुपरमॅन हेलिकॉप्टर झेलतो, दरोडेखोर पकडतो, आणि त्याच रात्री एका छोट्या मुलीचं झाडावर अडकलेलं मांजर खाली काढून देतो. तितक्याच प्रेमानं. स्पायडरमॅन घ्या. १९६२ पासूनचा. काका गेले ते आपल्यामुळं, ही बोचणी त्याला जन्मभर. पण मारामारीत तोंड बंद नाही, टोमण्यावर टोमणा. त्याला कोण सुखी म्हणेल? आणि कोण रडका म्हणेल?

मला जे सांगायचंय ते गड्ड्याला, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांच्या जत्रेला, नीट दिसतं. संक्रांतीला सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात. पांढरी बाराबंदी घातलेली माणसं ते उंच, जड ध्वज पेलत चालतात. आधी कितीतरी दिवस सराव करतात. तुम्ही कधी त्यांचे चेहरे जवळून पाहिलेत? मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, घाम गळतोय, आणि तरी डोळ्यांत असं काही असतं, की ह्या माणसाला 'देऊ का उतरवून?' म्हणून विचारलं तर तो भांडेल. वजन खोटं नाही आणि आनंदही खोटा नाही. सिनेमातल्या नायकाकडून मला एवढंच हवंय. हल्लीचे बरेच जण जगाला वाचवतात ते अंगावर आलेलं काम उरकल्यासारखं. तोंड बघितलं तर वाटतं, ह्यांना कुणीतरी रजा मंजूर करा.

आता नातवाच्या बाजूनं एक कबूल करतो, नाहीतर घरी जेवण मिळणार नाही. त्या पावसाळी 'बॅटमॅन'च्या शेवटी शहरात पाणी शिरतं, आणि तो सुडाचं सगळं सोडून हातात पेटता फ्लेअर धरतो आणि अंधारातून लोकांना बाहेर काढतो. एक जखमी बाई स्ट्रेचरवरसुद्धा त्याचा हात सोडत नाही. सुरुवातीला ज्याला लोक भीत होते, त्याचाच हात. ते मला आवडलं. पण तिथं पोचायला तीन तास लावले की हो!

गेल्या वर्षी जुलैत, म्हणजे २०२५ ला, नवा 'सुपरमॅन' आला. ह्या वेळी धाकट्या नातीलाही नेलं, ती सहा वर्षांची. एक अजस्र प्राणी शहर तुडवतोय, लोक पळतायत, आणि त्या धांदलीत सुपरमॅन एका खारीला उचलून बाजूला ठेवतो. नात टाळ्या वाजवायला लागली. नातू कपाळाला हात लावून म्हणाला, "खार? सिरीयसली?" त्याच्या मते इतक्या मोठ्या संकटात खारीकडं बघणारा माणूस बावळट. माझ्या मते त्याच्यासारखा हुशार दुसरा नाही. रिक्षात वाद, जिन्यात वाद, जेवताना वाद.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. नातीनं फळीवरून लाल टॉवेल ओढला, घडी मोडली, गळ्याला गाठ मारायला माझ्याकडं आली. विक्रीचा माल, पण दिली मारून. मग ती चादरींच्या गठ्ठ्यांवर चढली, एकावर एक तीन. नातू मोबाइल ठेवून उठला आणि खाली दोन्ही हात पसरून उभा राहिला. चेहरा मात्र त्यानं बॅटमॅनचाच ठेवला होता.

नमस्कार.