सहा तासांचा धंदा : विदर्भातल्या पिढीजात मटण-दुकानांचा इतिहास

(दृश्य : आठवडी बाजार, पहाट. आकड्याला टांगलेला बोकड, खाली चिंचेचा ओंडका.)

मे महिन्यात विदर्भात सकाळी दहालाच पारा चाळिशीकडे सरकलेला असतो. अशा हवेत पहाटे कापलेलं मटण दुपारी विकायच्या लायकीचं राहत नाही. गावात वीज नव्हती तेव्हा खाटकाच्या घरचा सगळा हिशोब एवढ्यावरच बेतलेला होता. चारला कापलेलं दहाच्या आत संपलं पाहिजे. नुसतं मटण संपून भागत नसे; कलेजी, वजरी, मुंडी, खूर, चरबी, कातडं, सगळ्याला त्याच सहा तासांत गिऱ्हाईक लागायचं. काटोल, आर्वी, कारंजा, दर्यापूर, मूर्तिजापूर अशा बाजारगावांत बापाकडून लेकाकडे आलेली मटणाची दुकानं अजून आहेत, आणि त्यांच्या कामाचा क्रम या सहा तासांनीच ठरवलेला आहे.

खेड्यात तराजू नसे. तिथे वाटे पडायचे. एका बकऱ्याचे सारखे ढीग, प्रत्येकात थोडं रानाचं म्हणजे मांडीचं, थोडी बरगडी, मानेचा तुकडा, कलेजीची फोड. वाटा उचलायचा, पैसे कापूस विकल्यावर. कापायचं काम बऱ्याच गावांत मुलाण्याकडे असे आणि त्याचा ठरलेला हिस्सा त्याला मिळे. बाजारगावात शेर चालायचा, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला किलो आला. बाजाराचा हर्रास, म्हणजे लिलाव, घेणारा जागेची फी वसूल करायचा. ती पद्धत बऱ्याच ठिकाणी तशीच चालू आहे.

(दृश्य : जनावरांचा बाजार. बकऱ्याच्या पाठीवर दाबून पाहणारा हात.)

नफा-तोटा ठरतो तो खरेदीच्या वेळी. अंगठा आणि दोन बोटांनी कमरेचे मणके दाबायचे. हाड टोचलं तर अंगात मांस नाही. छातीच्या हाडावरची चरबी चिमटीत धरून पाहायची. मग जबडा उघडायचा. दोन दात म्हणजे सव्वा-दीड वर्षाचं, चार दात म्हणजे दोनच्या आसपास. २५ किलोच्या बोकडाचं हाडासकट मटण ११ ते १२ किलो पडतं. याच्याहून जास्त कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याने तराजू पाहिलेला नाही.

फसगत पोटात होते. विकणारा आदल्या रात्री मीठ चाटवून पाणी पाजतो, वर पाला चारतो. पोटातला हा माल दोन-तीन किलो सहज भरतो आणि सगळा उकिरड्यावर जातो. म्हणून फुगलेल्या कुशीचं जनावर जाणता खाटीक सकाळी घेत नाही, घेतलंच तर भाव पाडून घेतो. नाकातून शेंबूड, डोळ्यांत चिपडं, ढाळ लागलेलं जनावर कितीही स्वस्त मिळो, नको. आणि अचानक मेलेल्या, नाकातोंडातून न गोठणारं काळसर रक्त आलेल्या जनावराला सुरीच लावायची नाही. ती फाशी असू शकते, म्हणजे काळपुळी (अँथ्रॅक्स). कापल्यावर तिचे जंतू उघड्यावर येऊन टिकाऊ रूप घेतात आणि त्या मातीत वर्षानुवर्षं राहतात. अशा जनावराला खोल खड्डा, वर चुना, कातड्यासकट.

(दृश्य : अंगण, पाण्याचे ड्रम, दोरी, आकडा.)

कापण्याआधी किमान १२ तास चारा बंद, पाणी चालू. पोट रिकामं असलं की आतडी फुटत नाहीत, पाणी मिळालेलं असलं की कातडं सुटतं चांगलं. पळवून, ओढून आणलेलं जनावर लगेच कापू नये. त्याच्या स्नायूंतली साखर आधीच संपलेली असते, मटणात पुरेसं आम्ल तयार होत नाही, रंग काळपट राहतो आणि ते लवकर चिकट होतं. गिऱ्हाईक ते पाहून ‘शिळं आहे’ म्हणतं आणि भांडण होतं.

रक्त वाहून जायला तीन ते पाच मिनिटं द्यायची. घाई केली तर रक्त मांसात राहतं आणि तेच आधी सडतं. मग मागच्या पायाने टांगायचं. सुरीचा उपयोग पहिल्या छेदापुरता, पुढचं कातडं मुठीने दाबत सोडवायचं. सुरी चालवली तर कातड्याला भोक पडतं, नाही तर मटणावर केस चिकटतात. काही ठिकाणी खुराच्या वर छेद देऊन तोंडाने हवा फुंकतात. कातडं झटकन सुटतं खरं, पण फुंकणाऱ्याच्या तोंडातलं सगळं आत जातं. हवा भरायचीच असेल तर स्वच्छ पंप वापरावा.

पोट उघडण्याआधी अन्ननलिका आणि गुदद्वार सुतळीने बांधायचं. ही एक गाठ विसरली की लेंड्या आणि पोटातला चोथा मटणावर येतो. तो पाण्याने धुतला तर घाण पसरते. तेवढा भाग कापून टाकणं हाच उपाय. पित्ताची पिशवी कलेजीपासून देठाला धरून अलगद काढायची. फुटली तर कलेजी कडू.

आता जे आपण पाहणार आहोत ते गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही.

(दृश्य, अगदी जवळून : तळहातावर कलेजी. सुरीने आडवा छेद.)

कलेजीतल्या नळ्या आडव्या कापून दाबल्या की कधीकधी पानासारखे चपटे किडे बाहेर येतात. तळ्याकाठी, ओलीत चरणाऱ्या शेळ्यांत हे जास्त, कारण या किड्याचं अर्धं आयुष्य गोगलगाईत जातं. अशी कलेजी विकायची नाही. फुप्फुसावर किंवा कलेजीवर पाण्याने भरलेले पांढरट फोड दिसले तर ते कुत्र्यापुढे टाकायचे नाहीत. गावोगाव नेमकं तेच होतं. कुत्र्याच्या पोटात त्या फोडांचा फीतकृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून गवतावर, पाण्यात आणि माणसाच्या हातावर येतात, आणि तसेच फोड माणसाच्या यकृतात होतात. जाळावेत किंवा खोल पुरावेत.

वजरी साफ करणं हे पोरांच्या हाती येणारं पहिलं काम. सुरी पुष्कळ पुढे. उलटी करून धुवायची, मग हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात, साधारण ६५ ते ७० अंशांच्या, बुडवून बोथट सुरीने काळी साल खरवडायची. पाणी उकळतं असलं तर साल पक्की बसते, निघता निघत नाही. मुंडी आणि खूर पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजून केस खरवडतात. आता गॅसची बत्ती आली. टायर जाळून भाजणारेही आहेत; त्या काळ्या धुरात काय काय असतं ते नाकालाच कळतं, अशा ठिकाणचा पाया घेऊ नये. हा सगळा माल नागपूरकडच्या सावजी भोजनालयांत चालतो. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातून आलेल्या त्या जेवणात वजरी आणि खुराला मटणाइतकाच मान आहे.

(दृश्य : सत्तुराचे घाव. पुढे गिऱ्हाइकांची गर्दी.)

“सीन्याचं दे गा भाऊ, हाडकं कमी टाकजो.” सीना म्हणजे छाती; बाजारात हे वाक्य दिवसभर ऐकू येतं. ओंडका चिंचेचाच का, तर त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, घावाने कपचे उडत नाहीत. तो आडवा कापलेला हवा, म्हणजे घाव तंतूंच्या टोकांवर बसतो. संध्याकाळी पात्याने खरवडून खडे मीठ चोळतात. रात्रभर ओला राहिला तर चिरतो, आणि चिरेत अडकलेलं मांस सकाळी वास मारतं.

गावातल्या माणसाला गरमच मटण लागतं, शहरातला फ्रीजमधलं घेतो. दोघंही बरोबर असू शकतात. कापल्यावर तास-दोन तास मांस सैल असतं. तेव्हाच चुलीवर गेलं तर लवकर शिजतं. त्यानंतर ते आखडायला लागतं आणि पाच-सहा तासांनी सगळ्यात चिवट असतं. उशिरा नेलेलं मटण ‘जून बोकडाचं दिलं’ म्हणून परत येतं ते यामुळे. बोकड पुष्कळदा कोवळाच असतो. ४ अंशांच्या थंडीत २४ तास टांगलं की मांसातल्याच विकरांनी ते पुन्हा नरम पडतं.

दुकानात डीप फ्रीझर आला आणि इथेच घोटाळा झाला. उरलेलं गरम मटण पिशवीत कोंबून थेट उणे १८ अंशांत टाकायचं, ही सवय बहुतेकांना लागली. मांस आखडण्याआधीच १० अंशांच्या खाली गेलं तर स्नायू आकसून दोरीसारखे होतात. शेळी-मेंढीच्या बारीक शरीरात हे फार लवकर घडतं. असं मटण कितीही शिजवा, रबरासारखंच लागतं. शिवाय एकावर एक दडपलेल्या पिशव्यांचा मधला गोळा रात्रभर कोमट राहतो आणि आतून हिरवट पडतो. आधी सावलीत, हवेशीर टांगून अंगातली ऊब जाऊ द्यायची, मग साध्या फ्रीजमध्ये रात्रभर, आणि गोठवायचंच असेल तर त्यानंतर किलो-किलोच्या चपट्या पिशव्यांत. भारनियमनात झाकण उघडू नये. गच्च भरलेला फ्रीझर न उघडता दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवलं की त्यातून लाल पाणी सुटतं, वजन घटतं, चवही जाते.

फ्रीझरच्या आधी उरलेल्याचा उपाय मीठ आणि ऊन हाच होता. विदर्भ-मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या चान्या, म्हणजे वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, याच जातीच्या, पण मोठ्या जनावराच्या. २०१५ मध्ये राज्याची गोवंश हत्याबंदी बैल आणि वळूंनाही लागू झाल्यावर बैलाच्या मांसाच्या चान्या कायद्याबाहेर गेल्या. शेळीच्या मटणाच्या पट्ट्या आजही करता येतात. चरबी पूर्ण काढायची, कारण ती खवट होते. तंतूंच्या दिशेने बोटभर रुंद पट्ट्या, किलोला ४० ते ५० ग्रॅम मीठ, थोडी हळद. दोरीवर एकमेकींना न लागतील अशा टांगायच्या, वर पातळ फडकं, रात्री दव पडायच्या आत घरात.

हे काम हिवाळ्याचं. मेच्या झळांत वरची साल तासाभरात कडक होते, आतलं पाणी अडकतं आणि पट्टी बाहेरून सुकलेली, आतून कुजलेली निघते. पावसाळ्यात माश्या अंडी घालतात. चार-पाच दिवसांत किलोचे ३०० ते ३५० ग्रॅम उरले आणि चिमटीत कुठे मऊ लागलं नाही, की झालं.

(दृश्य : मीठ लावलेल्या कातड्यांची चळत.)

कातड्याने एकेकाळी धंदा तारला होता. चार-पाच तासांच्या आत आतल्या बाजूला मीठ, वजनाच्या जवळपास निम्मं. उशीर झाला तर केस सुटतात आणि कारखान्यात माल बाद होतो. वापरलेलंच मीठ पुन्हा लावलं तर लाली चढते. १९७०च्या दशकात कच्च्या कातड्याच्या निर्यातीवर बंधनं आली आणि माल देशातल्याच, मुख्यतः तमिळनाडू, कानपूर आणि कोलकात्याच्या टॅनऱ्यांकडे वळला. गेल्या दहा वर्षांत भाव इतका पडला, की पुष्कळ ठिकाणी मिठाचा खर्चही निघत नाही. बकरं विकत घेताना पूर्वी कातड्याची किंमत मनात धरली जायची, ती आता धरता येत नाही. सगळा बोजा मटणाच्या दरावर येतो.

(दृश्य : भिंतीवर टांगलेलं नोंदणीपत्र.)

२००१ च्या कत्तलखाना नियमांनी गाभण आणि तीन महिन्यांच्या आतलं जनावर कापायला बंदी घातली, पशुवैद्याची तपासणी सक्तीची केली. एका पशुवैद्याने तासाला बारापेक्षा जास्त जनावरं तपासू नयेत असंही त्यात आहे. नियम चांगले आहेत. पण मान्यताप्राप्त कत्तलखाना तालुक्यालाही असेलच असं नाही, आणि खेड्यातला खाटीक अंगणातच कापतो. अन्नसुरक्षेच्या साध्या नोंदणीवर दिवसाला दहापर्यंत लहान जनावरं चालतात. एरवी ते पुरून उरतं. पोळ्याची कर मात्र वेगळी. श्रावणभर न खाल्लेलं सगळं गाव पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकानापुढे उभं राहतं. दहा बोकडांचं मटण म्हणजे सव्वाशे किलोच्याही आत. मोठ्या बाजारगावात ते आठ वाजायच्या आधी संपतं आणि रांग तशीच असते.